आईचा अंगठा

खोली नं. १७, दुसरा मजला,
भोईवाडा, परळ
२ जून २०२५

विकास,

तुझे अकरा फोन आले. मी उचलले नाहीत आणि उचलणारही नाही. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली. माणसं तोंडाने काय बोलतात आणि नंतर काय नाकारतात ते रोज पाहिलं. जे सांगायचं ते कागदावर, तारीख घालून, रजिस्टर पोस्टाने पाठव.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता चार माणसं आली. दोघांच्या हातात घण होते. त्यांनी आधी गॅलरीच्या टोकाचे दोन्ही संडास फोडले, मग नळाचा पाइप उखडला. पाणी जिन्यावरून खाली वाहत होतं आणि ते हसत होते. त्यांच्या मागून हेरंब आला, तो दलाल, ज्याने वर्षभरात आपल्या चाळीतल्या नऊ खोल्या घेतल्या. पांढरा शर्ट, कपाळावर गंध. मला म्हणाला, "मावशी, टेन्शन नका घेऊ. खोली तुमची राहिलीच नाही. आईंनी जायच्या आधीच लिहून दिलीय. ऑन पेपर माझी आहे. आठ दिवसांत सामान हलवा."

मी म्हटलं, कागद दाखव. तो म्हणाला, कागद मालकाकडे आहे.

शेजारचा दत्ताराम बनियनवरच बाहेर आला. शहात्तर वर्षांचा माणूस. दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "बाईच्या दाराक हात लावलास तर हात मोडून ठेवीन." त्यांनी त्याचं मानगूट धरलं आणि जिन्यावरून खाली ढकललं. सोळा पायऱ्या. गळ्याजवळचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले. एक दात मला नंतर सातव्या पायरीवर सापडला.

ढकलणारा मागे वळला तेव्हा माझ्या हातात आईच्या खलबत्त्यातला बत्ता होता. तो मी त्याच्या गुडघ्यावर मारला. आवाज आला. तो ओरडत खाली बसला, म्हणून दुसऱ्यांदा मारायची गरज पडली नाही. मग ते गेले.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. हे पत्र उद्या तिसऱ्या कुणाच्या हातात जाईल. आपली खोली पागडीची. आपण भाडेकरू. भाडेपावती ज्याच्या नावावर, त्याला नव्या इमारतीत घर. पावती आईच्या नावावर होती. आई ९ मार्चला गेली. तिच्याजवळ मी राहत होते, म्हणून तिच्या मागे ती पावती माझ्या नावावर व्हायची. आईने जिवंतपणी हक्क सोडला असेल तरच मी रस्त्यावर येते.

आई अशी लिहून देईल का? तुला काही माहीत आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

मालन

*

बदलापूर (पूर्व)
१४ जून २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचून रक्त उसळलं. तू एकटी असताना चार जणं येतात म्हणजे काय! पण तू बत्ता कशाला उचललास? तुझं वय सदुसष्ट आहे, ताई. ती माणसं पैसे घेऊन मारणारी आहेत. त्यांना म्हातारी-कोतारी काही कळत नाही. पुन्हा आले तर दार उघडू नकोस. दत्तारामकाकांना बघायला मी येणार होतो, पण कंपनीत सुट्टी नाही.

आता थंड डोक्याने ऐक. तीन वर्षांपूर्वी जो बिल्डर आपल्या चाळीत नकाशे घेऊन आला होता, तो कुठे आहे? पळाला. आता हा दुसरा आलाय. हाही कधी हात वर करील सांगता येत नाही. समोरच्या टॉवरात बघ, गेल्या दिवाळीला निम्म्या खिडक्यांत कंदील नव्हता. फ्लॅट पडून आहेत. आज आपल्या चाळीला भाव आहे, सहा महिन्यांनी असेलच असं कोण सांगणार? माझंच बघ. इथे फ्लॅट बुक केला, सातव्या स्लॅबवर काम बंद पडलं, चार वर्षं झाली. भाडं पण भरतोय आणि हप्ता पण. ज्यांनी वेळेवर विकलं ते सुटले. मी थांबलो आणि अडकलो.

हेरंबचा माणूस मला भेटला होता. तो तुला इकडे वन-रूम-किचन द्यायला तयार आहे. आमच्या सोसायटीच्या मागेच. लिफ्ट आहे, संडास घरात आहे. परळला तू कुणासाठी राहणार? आई होती तोवर ठीक होतं.

त्या कागदाचं मला काही माहीत नाही. आईचं वय नव्वद होतं. कुणी गोड बोलून पुढे धरलं असेल. आईने अंगठा दिला असेल तर तो कायद्याने चालतो म्हणे. मग भांडून काय मिळणार? विचार कर.

सीमा आठवण काढते.

तुझा,
विकास

*

भोईवाडा, परळ
२० जून २०२५

विकास,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एका शब्दाखाली लाल रेघ मारली आहे.

मी तुला लिहिलं होतं, आईने "लिहून दिलीय" असं हेरंब म्हणतो. अंगठा हा शब्द माझ्या पत्रात नाही. हेरंबच्या तोंडीही नाही. तो तुझ्या पत्रात आहे. कागद न पाहिलेल्या माणसाला त्यावर अंगठा आहे हे कसं कळलं?

तू तर असा माणूस आहेस, ज्याने अंगठा हा शब्द लिहायलाच नको होता. आई मिलमध्ये वाइंडिंगला होती, सूत गुंडाळायला. पगाराच्या दिवशी तिथला बाबू तिचं बोट धरून शाईवर दाबायचा आणि मग रजिस्टरवर आपटायचा. एकदा नख उलटलं. त्या दिवशी ती घरी आली आणि पहिलीतल्या पोराची पाटी ओढून घेतली. तो पोरगा तू. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, मला शिकवता आलं असतं, पण ती तुझ्याजवळ बसली. तू तिला नाव लिहायला शिकवलंस. तुला स्वतःला ध येत नव्हता, म्हणून तू घ काढायचास. ती "राघाबाई" शिकली. मी दुरुस्त करायला गेले तर म्हणाली, "माझ्या विकासनं शिकवलाय, असाच राहू दे." बावन्न वर्षं ती "राघाबाई शामराव गमरे" अशीच सही करत होती. मालकाच्या वहीत, बँकेत, मतदानाच्या यादीपुढे. मी कॉलेजात असताना गमतीने अंगठा शाईत बुडवला होता. तिने मला उलट्या हाताने अशी मारली की ओठ फाटला. "या घरात कोणी अंगठा लावायचा नाही." तू तिथेच होतास, जेवत होतास.

सोमवारी मी मालकाच्या भाडेवसुलीच्या गंगाधरकडे गेले. कागद दाखव म्हटलं. आधी नाही म्हणाला. मी बाकावर बसून राहिले. तीन तासांनी त्याने कपाट उघडलं. तारीख २१ फेब्रुवारी. त्या आठवड्यात आई तुझ्याकडे बदलापूरला होती. तू स्वतः टॅक्सी करून घेऊन गेला होतास, हवापालट म्हणून. खाली डाव्या हाताचा अंगठा. तो नीट उमटलेला नाही, आडवा फरफटलेला आहे, नखाच्या कडेने. असा ठसा मी कोर्टात दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा तो राजीखुशीचा नव्हता. साक्षीदार दोन. एक हेरंब. दुसरी सही सौ. सीमा विकास गमरे.

२३ तारखेला आई परत आली तेव्हा तिचा डावा अंगठा काळा-निळा होता, केळ्यासारखा सुजलेला. तू म्हणालास, न्हाणीच्या दारात चेमटला. आईही तेच म्हणाली. मी हळद लावली. ती हात पदराखाली धरून बसायची आणि जेवत नव्हती. पंधरा दिवसांत गेली. आंघोळ घालताना मी पाहिलं, नखाच्या मुळाशी निळं होतं. मला वाटलं, साकळलेलं रक्त. ती शाई होती, विकास.

परवा त्यांनी जिन्याच्या खालच्या पाच पायऱ्या तोडल्या, आणि जाळीतून रॉकेलचं पेटतं फडकं आत टाकलं. गादी पेटली. मी घागर ओतून विझवलं. डावा हात कोपरापर्यंत भाजला आहे. लिहिणारा हात ठीक आहे. दत्ताराम प्लास्टरसकट शिडी धरून उभा राहतो, तेव्हा मी खाली उतरते.

मी इथून हलणार नाही. हे पत्र सीमाला वाचून दाखव. दाखवलं नाहीस तरी तिला कळेल, कारण याची दुसरी प्रत मी तिच्या नावाने वेगळी पाठवली आहे.

मालन

*

बदलापूर
२८ जून २०२५

मालनताईंना सप्रेम जयभीम.

माझं लिहिणं चुकेल, समजून घ्या. हे कामावर गेलेत. मी खाली पोस्टात बसून लिहिते.

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी यांनी ते माझ्या हातातून ओढलं. मी सोडलं नाही. यांनी मला भिंतीवर ढकललं, कपाळ फुटलं, चार टाके आहेत. लग्नाला एकतीस वर्षं झाली, कधी हात उचलला नव्हता. त्या कागदानंतर उचलतात.

खरं सांगते. हेरंब दुपारी आला होता. कागद तयार होता. आई म्हणाल्या, वाचून दाखवा. यांनी वाचलं, पण दुसरंच वाचलं. म्हणाले, पेन्शनचा कागद आहे. आई म्हणाल्या, मग पेन दे, मी सही करते. हेरंब म्हणाला, सही नको, सही जुळवून बघतात, अंगठा बरा. तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी मूठ वळली. डाव्या हाताची मूठ करून छातीशी धरली.

हे म्हणाले, आई सोड. त्या म्हणाल्या, तू मला शिकवलंस आणि तूच? यांनी हात धरला. आईंनी यांच्या मनगटाला चावा घेतला, अजून वण आहे. हेरंबने मला सांगितलं, वहिनी खांदे धरा. ताई, मी धरले. मी माझ्या हातांनी धरले. आमचा फ्लॅट अडकला होता, हेरंब म्हणाला होता की तो तयार घर देईल. मला वाटलं, एक मिनिटाचं काम आहे. मूठ उघडताना काडी मोडल्यासारखा आवाज झाला. मग हेरंबने अंगठा दाबला. आई ओरडल्या नाहीत. फक्त डोळे उघडे ठेवून यांच्याकडे बघत राहिल्या.

हेरंब गेल्यावर हे जमिनीवर बसून रडले. आईंनी चांगल्या हाताने यांच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "मालनला सांगू नको. ती तुला सोडायची नाही." दाराची गोष्ट आईंनीच सुचवली.

मी साक्षीला सही केली, माझीच आहे. तुम्ही म्हणाल तिथे येऊन हे सगळं सांगते. मला माफ करा असं म्हणत नाही.

सीमा

*

बदलापूर
३ जुलै २०२५

ताई,

सीमाने तुला काय लिहिलं ते तिने मला सांगितलं. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, म्हणून माझंही ऐक.

तू बी.ए. झालीस. संपात घरात शिजवायला काही नव्हतं तेव्हा दहावी सोडून रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ओंडके कोण वाहत होतं? मी. तुझ्या नोकरीच्या पहिल्या साडीपर्यंत घर मी ओढलं. तुला कोर्ट मिळालं, पेन्शन मिळाली, खोली मिळाली. मला काय मिळालं? सात स्लॅब आणि वर आभाळ. त्या खोलीत माझा काहीच वाटा नाही असं कायदा म्हणतो. कायदा तुझ्या कपाटात असतो ना.

आईचा विचार मी रोज करतो. तू नको शिकवूस.

हेरंबने पुढच्या बिल्डरला शब्द दिलाय. पंधरा तारखेपर्यंत खोली रिकामी नसेल तर बिल्डर हात काढून घेणार आणि हेरंबचं सगळं बुडणार. तो म्हणाला, तुझी बहीण नाही ऐकली तर आधी तुला रुळावर टाकतो. तो बोलतो ते करतो, ताई.

रविवारी येतो. सोबत त्याची दोन माणसं असतील. "आईने माझ्यासमोर अंगठा दिला" एवढ्या कागदावर तुझी सही हवी. दार उघड. नाही उघडलंस तर ते तोडतील आणि मी थांबवणार नाही.

विकास

*

भोईवाडा, परळ
११ जुलै २०२५

विकास,

रविवारी काय झालं ते तुला माहीत आहे, पण तू ते तुझ्या सोयीने सांगशील. म्हणून मी लिहून ठेवते. याची प्रत पोलिसांकडे दिली आहे.

शिडी मी सकाळीच वर ओढून घेतली होती. हेरंबची माणसं आपली शिडी घेऊन आली. पहिला माणूस गॅलरीवर चढला तेव्हा चाळीत उरलेली सातही बिऱ्हाडं दारात उभी होती. ज्यांनी खोल्या विकायच्या ठरवल्या आहेत तेही. दत्तारामचा एक हात गळ्यातल्या झोळीत होता आणि दुसऱ्या हातात माझा बत्ता. तो म्हणाला, "आता जिन्यावरून नाय, कठड्यावरून जाशात." तो माणूस थांबला. तू थांबला नाहीस. तू शिडी चढलास, गॅलरीतून चालत आलास, आणि आपल्या खोलीच्या चौकटीला डावा हात लावून उभा राहिलास. लहानपणी खेळून आल्यावर उभा राहायचास तसा.

मी कागद वाचला. तू पेन पुढे केलंस. मी विचारलं, "आईला का नाही दिलंस पेन?" तू म्हणालास, "ताई, सही कर आणि विषय संपव."

तू लोकांना सांगतो आहेस की दार वाऱ्याने आपटलं. तसं सांगू नकोस. वारा नव्हता. तुझा हात चौकटीवर आहे हे मला दिसत होतं. अंगठा बिजागरीच्या बाजूला होता, तेही दिसत होतं. मी दोन्ही हातांनी, भाजलेल्या हातानेही, दार आपटलं आणि खांदा लावून दाबून धरलं. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. सीमाने लिहिलं होतं तसाच. मग मी दार उघडलं. तू खाली बसला होतास आणि "आई" म्हणून ओरडत होतास.

मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. आई मला बरोबर ओळखून होती, एवढंच मनात आलं.

हेरंबची दोन्ही माणसं तुला तिथेच टाकून शिडी घेऊन पळाली. तुला खाली उतरवायला आमचीच शिडी लावावी लागली. ती दत्तारामने धरली, हे लक्षात ठेव.

तुझ्या हाताला प्लास्टर घातलं त्याच संध्याकाळी मी ठाण्यात गेले. दोन जबाब दिले. पहिला आईचा: कागदाची नक्कल, सीमाचं पत्र, आणि आईच्या सह्यांचे बावन्न वर्षांचे कागद, प्रत्येकावर तो चुकीचा ध. दुसरा माझा: मी माझ्या भावाचा अंगठा दारात घालून जाणूनबुजून मोडला. लिहून घेणारा मुलगा म्हणाला, "आजी, हे दुसरं कशाला सांगता? दार लागलं म्हणा." मी म्हटलं, या घरात दाराची गोष्ट एकदा सांगून झाली आहे. लिही.

माझ्या हाताला पट्टी पाहून त्याने शाईचा डबा पुढे सरकवला. म्हणाला, "अंगठा लावलात तरी चालेल." मी म्हटलं, "पेन दे."

हेरंबला परवा उचलला. गंगाधरने मूळ कागद पोलिसांना काढून दिला. खोली राहील की जाईल, मला माहीत नाही. बिल्डर पळेल, तिसरा येईल, भाव चढेल, पडेल. मला शिक्षा झाली तर ती भोगून मी याच दारात परत येईन. सीमा काल बॅग घेऊन आली आहे, मोरीजवळ झोपते. तिने जबाब दिला. तिच्याशी मी अजून नीट बोललेली नाही, पण ताट वाढते. तुला हे दार उघडणार नाही.

तुझा जबाब घ्यायला या आठवड्यात येतील. फक्त डावा हात मोडला आहे, उजवा शाबूत आहे. तेव्हा खरं तेच सांग, आणि खाली सही कर. अंगठा लावू नकोस.

मालन शामराव गमरे